यमुनेकाठचा किल्ला : आग्रा, 1803



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकविताना विजयाइतकाच वेळ पराभवाला देत असत. त्यांचाच पायंडा पाळून आज एका पराभवाची कथा सांगणार आहे. तिचे स्थळ आपल्या ग्वाल्हेरपासून अवघ्या सव्वाशे किलोमीटरांवर आहे; तरीही आपल्या घरांतून ती क्वचितच सांगितली जाते.

अकबराने 1565 मध्ये बांधावयास घेतलेला आग्र्याचा लाल किल्ला यमुनेच्या उजव्या तीरावर उभा आहे. 1785 मध्ये महादजी शिंद्यांनी तो घेतला. लालसोटनंतरच्या पडत्या काळात इस्माईल बेगाने त्यास वेढा घातला, तेव्हा लखबा दादा लाड यांनी कित्येक महिने तो झुंजविला. 1788 च्या जूनमध्ये राणेखान आणि द बॉयन यांनी बेगाचा पराभव केला आणि वेढा उठला. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे तिचा उपयोग आहे.

15 वर्षांनी, 1803 च्या ऑगस्टमध्ये, इंग्रजांनी शिंदे व भोसले यांच्यावर दुहेरी मोहीम काढली. दक्षिणेत आर्थर वेलस्ली आणि उत्तरेत जनरल लेक. लेकने 4 सप्टेंबरला अलीगड घेतले, 11 सप्टेंबरला दिल्लीसमोरची लढाई जिंकली आणि बादशहा शाह आलम त्याच्या ताब्यात आला. उत्तरेतील सरसेनापती पेरों याने तत्पूर्वीच शिंद्यांची चाकरी सोडली होती. भरतपूरचा राजा इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. स्वतः दौलतराव दक्षिणेत अडकले होते. अशा स्थितीत 4 ऑक्टोबरला लेक आग्र्यासमोर येऊन ठाकला.

किल्ल्यात पाचसहा हजारांची शिबंदी होती. शहरात व तटाबाहेरच्या नाल्याखोल्यांत शिंद्यांच्याच सात पलटणी उतरल्या होत्या. दोघांनी एकदिलाने झुंज दिली असती, तर लेकचे काम खासच अवघड झाले असते. परंतु आतल्यांनी बाहेरच्यांना दरवाजा उघडला नाही. कारण ऐकून मन विषण्ण होते. किल्ल्यात मोठा खजिना होता. पलटणी आत आल्या तर त्यात वाटेकरी वाढतील, अशी शिबंदीला धास्ती होती. आपले युरोपीय अधिकारी फितूर होतील या संशयाने त्यांनाही तिने कैदेत टाकले होते.

10 ऑक्टोबरला लेकने बाहेरच्या पलटणींवर हल्ला केला. त्या शर्थीने लढल्या; पण पाठीशी स्वतःच्याच किल्ल्याचा बंद दरवाजा असलेल्या फौजेने किती काळ टिकावे? दोनतीन दिवसांत त्यांतील सुमारे अडीच हजार शिपाई इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. 17 तारखेला तटाच्या नदीकडील कोपऱ्यावर तोफांचा मारा सुरू झाला, आणि 18 ऑक्टोबर 1803 रोजी जीवित व खाजगी चीजवस्तू यांची हमी घेऊन शिबंदी किल्ल्याबाहेर पडली.

सोबत्यांना वाटा मिळू नये म्हणून राखलेला तो खजिना, 20 लाखांहून अधिक रुपये, लेकच्या फौजेने लूट म्हणून वाटून घेतला. दीडशेहून अधिक तोफा गेल्या. त्यांत आग्र्याची प्रसिद्ध महातोफही होती. ती कलकत्त्यास नेण्यासाठी तराफ्यावर चढविली, तो तराफा यमुनेतच बुडाला. पुढे इंग्रजांनीच ती फोडून तिचा धातू विकला.

उत्तरेतील या पराभवाचे खापर आपण नेहमी फिरंगी अधिकाऱ्यांच्या बेइमानीवर फोडतो. लहानपणी मीही तेच ऐकले. अलीगडापुरते त्यात तथ्य आहे. शिंद्यांची चाकरी सोडून आलेल्या लुकान नावाच्या अधिकाऱ्यानेच तेथे इंग्रजांना वाट दाखविली. पण आग्र्यास फिरंगी अधिकारी तर कैदेत होते! निर्णय आपल्याच माणसांच्या हाती होता. शौर्याची वाण होती म्हणावे, तर 1 नोव्हेंबरला लासवाडीस याच कवायती पलटणी अशा लढल्या, की खुद्द लेकने त्यांच्या पराक्रमाची वाखाणणी केली. आणि याच लासवाडीच्या फौजेतील मोठा भाग आग्र्याच्या वेढ्याच्या वेळी तेथून सुमारे 30 मैलांवर तळ देऊन होता. तो मदतीस आला नाही.

मग उणे कशाचे होते? माझ्या मते, धन्यावरील आणि एकमेकांवरील विश्वासाचे. 1794 मध्ये महादजी निवर्तले, तेव्हा दौलतराव जेमतेम 15 वर्षांचे होते. त्यानंतर शिंदेशाहीत विधवा बायांचे प्रकरण पेटले, आणि 1788 मध्ये हाच किल्ला राखणारे लखबा दादा अखेर आपल्याच धन्याविरुद्ध शस्त्र घेऊन उभे राहिले. ज्या दौलतीत असा निष्ठावंत परका होतो, तिथल्या साध्या शिपायाने किल्ला कोणासाठी झुंजवावा? त्याला दिसला तो समोरचा खजिना. त्याच्या लोभाचे समर्थन मी करीत नाही. परंतु तो लोभ एका दिवसात उपजला नव्हता, एवढेच म्हणतो.

30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दिल्ली-आग्र्याचा प्रदेश कायमचा गेला.

आपण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेली माणसे आहोत. आपल्या संस्था, शाळा, वाचनालये हेच आता आपले किल्ले. पुढे कधी आग्र्यास गेलात, तर ताजमहाल पाहून झाल्यावर किल्ल्याच्या नदीकडील बुरुजावर क्षणभर थांबा, आणि आपल्या संस्थेचा दरवाजा आपण कोणासाठी बंद ठेवला आहे, याचा विचार करा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.