मोकळा खेळाडू आणि ‘आपला’ संघ

आज आपल्याला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जायचं आहे. काळ आहे २०१७ सालचा जुलै महिना. तिथे फुटबॉल बघणाऱ्या लोकांत तेव्हा एक वाद पेटला होता : ‘आपण कॉलिन कॅपर्निकला घ्यावं का?’

प्रश्न साधा दिसतो. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला सवय असते, साध्या वाक्यातला एकेक शब्द उचलून बघायची. ‘आपण’ म्हणजे नक्की कोण? आणि ज्याला घ्यायचं तो खेळाडू ‘मोकळा’ होता असं म्हणतात, तर मोकळा म्हणजे काय? आज आपण या दोनच शब्दांच्या मागे जाऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन फुटबॉल हा चेंडू हाताने फेकायचा, धक्काबुक्कीचा खेळ. अकरा जणांत क्वार्टरबॅक हा सूत्रधार. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. तो जायबंदी झाला की सगळा हंगाम डळमळतो. बाल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक होता जो फ्लॅको. जुलैच्या अखेरीस बातमी आली की त्याची पाठ दुखावली आहे आणि तो काही आठवडे सरावाला नाही. त्याच वेळी कॅपर्निक घरी बसून होता. वय २९. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सशी करार संपवून तो मोकळा झालेला.

बाल्टिमोरला तो अनोळखी नव्हता, बरं का. फेब्रुवारी २०१३ च्या सुपर बोलमध्ये हेच दोन संघ समोरासमोर होते. रेव्हन्स ३४–३१ असे जेमतेम जिंकले, आणि त्यांचा जीव टांगणीला लावणारा माणूस हाच. पण मधल्या काळात आणखी काही घडलं होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये, कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराचा निषेध म्हणून, राष्ट्रगीताच्या वेळी तो बसून राहिला. मग नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाशी त्याचं बोलणं झालं आणि १ सप्टेंबरपासून तो बसण्याऐवजी एक गुडघा टेकू लागला. देश दुभंगला. कुणाला त्यात विवेकाचा आवाज दिसला, कुणाला झेंड्याचा अपमान.

आता ‘मोकळा’ या शब्दाकडे येऊ.

करार संपला की खेळाडूने हवं तिथे जावं, यात काय विशेष? पण अमेरिकन फुटबॉलमध्ये हा हक्क फार उशिरा मिळाला, आणि त्या इतिहासात बाल्टिमोर पुन्हा पुन्हा भेटतं. १९६२ साली आर. सी. ओवेन्स नावाचा खेळाडू आपला करार पुरा करून दुसऱ्या संघात गेला. कुठून कुठे? सॅन फ्रान्सिस्कोहून बाल्टिमोरला! मालक मंडळी हादरली. १९६३ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला. खेळाडू दुसरीकडे गेला तर नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि दोघांचं जमलं नाही तर ती किती, हे आयुक्त ठरवणार. म्हणजे दार उघडं, पण उंबऱ्यावर किती दंड बसेल ते आत आल्यावर कळणार. मग कोण कुणाला बोलावतो?

या नियमाविरुद्ध कोर्टात गेला जॉन मॅकी. हाही बाल्टिमोरचाच, तिथल्या कोल्ट्स संघाचा नामांकित खेळाडू आणि खेळाडू संघटनेचा अध्यक्ष. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. तरीही मालकांनी वाटाघाटींत पुष्कळसं परत मिळवलं. खरा मोकळेपणा यायला १९९३ साल उजाडलं. त्या वर्षी रेजी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला, आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९९४ पासून, संघांच्या एकूण पगारावर मर्यादा आली. म्हणजे ‘घ्यावं का?’ हा चाहत्यांचा आवडता वादच मुळी खेळाडूंच्या तीस वर्षांच्या लढ्याने शक्य केला.

पण आपल्या मराठीत ‘मोकळा’ शब्दाला दोन अर्थ आहेत, बघा. बंधन सुटलेला तोही मोकळा, आणि हाताला काम नसलेला तोही मोकळा. कायद्याने पहिला मोकळेपणा मिळवून दिला. दुसऱ्यापासून संरक्षण मात्र दिलं नाही. कुठेही जाण्याचा हक्क म्हणजे कुणीतरी घेईलच असा हक्क नव्हे. कॅपर्निकची गोष्ट या दोन अर्थांच्या मधल्या फटीत घडते.

आता दुसरा शब्द, ‘आपण’.

३० जुलैला रेव्हन्सचे मालक स्टीव्ह बिशॉटी चाहत्यांच्या मेळाव्यात बोलले. संघाचा विचार चालू आहे, काही लोक नाराज होतील, काही खूश होतील, असं त्यांनी सांगितलं, आणि आमच्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंतीही केली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. राखीव क्वार्टरबॅक कोण, हे एरवी प्रशिक्षक आणि व्यवस्थापक बंद दाराआड ठरवतात. इथे मालक ते ओझं गर्दीसमोर ठेवतो. व्यवस्थापक ओझी न्यूसम आणि प्रशिक्षक जॉन हार्बो यांना तो हवा होता पण मालकाने अडवलं, अशी बातमीही आली. न्यूसम यांनी ती नाकारली.

चाहते काय म्हणत होते? आम्ही त्यांचे युक्तिवाद तीन ढिगांत वाटतो. पहिला ढीग कुवतीचा. २०१६ मध्ये त्याने १६ टचडाउन पास दिले आणि फक्त ४ चेंडू विरोधकांच्या हाती गेले, असं एक बाजू म्हणे. त्या वर्षी संघ १६ पैकी २ सामने जिंकला, असं दुसरी बाजू म्हणे. दोन्ही आकडे खरे. दुसरा ढीग सोयीचा : आला तर कॅमेरे येतील, संघाचं लक्ष उडेल. तिसरा ढीग आपलेपणाचा : जो झेंड्यापुढे उभा राहत नाही, तो ‘आपला’ कसा?

यातल्या कुठल्याही मुद्द्याची टिंगल करायचं कारण नाही. बाल्टिमोर हे ते शहर, जिथे १८१४ च्या सप्टेंबरमध्ये मॅकहेन्री किल्ल्यावरचा इंग्रजांचा तोफखाना पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनी ते गीत लिहिलं. १९३१ मध्ये ते राष्ट्रगीत झालं. तिथल्या माणसाला त्या गीताचा अभिमान वाटला तर नवल नाही. पण त्याच शहरात २०१५ च्या एप्रिलमध्ये फ्रेडी ग्रे हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या दुखापतीने मरण पावला आणि रस्ते पेटले. म्हणजे गीतही तिथलं आणि जखमही तिथलीच. आणखी एक गंमत बघा. बाल्टिमोरचे प्रेक्षक बेसबॉलच्या सामन्यात, आणि फुटबॉलच्याही, राष्ट्रगीताच्या मध्येच आपल्या ओरिओल्स संघाच्या नावाने एक जोरदार ‘ओ!’ ठोकतात. तो अपमान कुणी मानत नाही, कारण ओरडणारे ‘आपले’ असतात.

आता या तीन ढिगांची परीक्षा कशी घ्यायची? रीत सोपी आहे. एकच अट बदलायची आणि निर्णय बदलतो का ते बघायचं. २००९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने मायकेल व्हिकला घेतलं. कुत्र्यांच्या झुंजींच्या क्रूर धंद्यात गुन्हा कबूल करून दीड वर्ष तुरुंगात काढलेला क्वार्टरबॅक. त्याच्याविरुद्ध निदर्शनं झाली, कॅमेरे आले, लक्ष विचलित व्हायचं तेवढं झालं. तरी संघाने घेतलं, आणि २०१० च्या हंगामात पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे गर्दी आणि गोंगाट हे अडथळे ओलांडता येत होते. कुवतीचंही तसंच. फ्लॅकोची पाठ दुखावल्यावर रेव्हन्सने घाईघाईने बोलावलेल्यांत, बंदिस्त मैदानावरच्या एका छोट्या लीगमधून आलेला खेळाडूही होता. तेव्हा कुवतीची चाळणी इतकी बारीक होती असं म्हणवत नाही. उरतो तो तिसरा ढीग. आमच्या मते आपलेपणाचा प्रश्नच कुवतीचा आणि सोयीचा मुखवटा घालून बोलत होता.

आणि सोयीचं गणित तरी बरोबर ठरलं का? रेव्हन्सने कॅपर्निकला घेतलं नाही. २४ सप्टेंबरला लंडनच्या वेम्ब्लीवर, राष्ट्राध्यक्षांनी खेळाडूंवर केलेल्या टीकेला उत्तर म्हणून, रेव्हन्सच्याच कित्येक खेळाडूंनी गुडघा टेकला. पुढच्या घरच्या सामन्यात सगळा संघ राष्ट्रगीताच्या आधी प्रार्थनेसाठी गुडघ्यावर बसला, तर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. डिसेंबरात संघाच्या अध्यक्षांनी चाहत्यांना पत्र लिहून रिकाम्या खुर्च्यांची दखल घेतली. ज्या वादळाच्या भीतीने दार लावून घेतलं, ते आधीच घरात होतं.

मग ‘आपण’ कोण? बाल्टिमोरच्या जुन्या माणसांना हे कुणी शिकवायला नको. २८ मार्च १९८४ च्या रात्री मालकाने कोल्ट्स संघाचं सामान ट्रकांत भरलं आणि संघ इंडियानापोलिसला नेला. शहर सकाळी उठलं तेव्हा ‘आपला’ संघ नव्हता. बारा वर्षांनी, १९९६ मध्ये, क्लीव्हलंडच्या लोकांचं काळीज तोडून दुसरा संघ बाल्टिमोरला आला, तोच हा रेव्हन्स. कागदोपत्री संघ मालकाचा. चाहता तिकीट काढतो, पोराला जर्सी घेतो, पराभवानंतर सोमवारभर तोंड पाडून बसतो आणि म्हणतो, ‘आपण हरलो.’ त्या ‘आपण’मध्ये मालकी नाही, पण निष्ठा आहे. आणि ज्याच्याजवळ फक्त निष्ठा असते, तो सीमारेषेवर पहारा द्यायला लागतो : कोण आत, कोण बाहेर. खेळाडूही त्याच ‘आपण’चा भाग असतो, पण तेवढ्यापुरता, करारापुरता.

कॅपर्निकने ऑक्टोबर २०१७ मध्ये संघमालकांनी संगनमत केल्याची तक्रार नोंदवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तडजोड झाली, रक्कम गुप्त राहिली. जून २०२० मध्ये आयुक्त रॉजर गुडेल म्हणाले की खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही लीगची चूक होती. त्या निवेदनात कॅपर्निकचं नाव नव्हतं. आणि २०१६ च्या हंगामानंतर तो लीगचा एकही सामना खेळला नाही.

जॉन मॅकीने खेळाडूला करारातून मोकळं केलं. ते कोर्टाच्या हातात होतं. मोकळ्या झालेल्या माणसाला, त्याचं मत आपल्याला टोचत असतानाही, ‘आपला’ म्हणणं कुठल्याच कोर्टाच्या हातात नाही. ते तुमच्या-आमच्यासारख्या, खुर्चीत बसून सामना बघणाऱ्या लोकांच्या हातात असतं. म्हणून असा वाद पुढे कधी कानावर आला तर तो नुसता खेळाचा म्हणून सोडून देऊ नका. आपल्या ‘आपण’मध्ये जागा किती, ते अशाच वेळी मोजलं जातं.

आता प्रश्न घेऊ.