उपमुख्यमंत्री : संविधानात नसलेले पद

केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य वेचल्याने आम्हांस एक सवय जडली आहे. कोणतेही पद दिसले की त्याचा आधार कोणत्या नियमात आहे, हे प्रथम पाहावयाचे. संविधानाच्या १६३ व १६४ या अनुच्छेदांत मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत, उपमुख्यमंत्री नाही. कायद्याच्या दृष्टीने तो इतरांसारखाच एक मंत्री.

मग हे पद महाराष्ट्रात आले कसे? १९७८ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत कोणासही बहुमत मिळाले नाही. दुभंगलेल्या काँग्रेसचे दोन पक्ष मार्चमध्ये सत्तेसाठी एकत्र आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. इंदिरा काँग्रेसचे, विदर्भातील नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. पद ही तडजोडीची खूण होती. जुलैत शरद पवार व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि सरकार कोसळले. तथापि पवारांच्या मंत्रिमंडळातही सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री झालेच. सरकार गेले, पद राहिले.

संविधानाचा आधार नसता हे पद गरजेने टिकले. परंतु मने जुळली नाहीत तेव्हा त्याने सरकार वाचविले नाही. परप्रांतात मंडळे चालविणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको.