दिनविशेष : ४ फेब्रुवारी
२००४ : माहितीपटांचा ‘विकल्प’

मुंबईत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा माहितीपट महोत्सव सुरू झाला. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने नाकारलेले माहितीपट दिग्दर्शकांनी एकत्र येऊन स्वतःच दाखवले. गुजरात दंगलींवरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्युशन’ त्यांत होता.

वस्तीतल्या, गिरणीतल्या, शेतातल्या माणसांवरच्या माहितीपटांना आजही चित्रपटगृह क्वचितच मिळते. साधे सभागृह, एक प्रोजेक्टर आणि खेळानंतर दिग्दर्शकाला थेट प्रश्न विचारणारे प्रेक्षक एवढ्यावर महोत्सव उभा राहतो, हे ‘विकल्प’ने सिद्ध केले. पुढे जुहूच्या पृथ्वी हाऊसमध्येही त्याचे खेळ झाले. आपल्या शहराचे खरे चित्र पाहण्याचा हक्क नागरिकांचा आहे. तो टिकवायचा, तर असे पडदे गावोगावी हवेत.