आगरी बोली (कळंबोली परिसर)

आगरी बोली : उत्तर कोकणातली मराठीची एक बोली. रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या खाडीपट्ट्यात मुख्यतः आगरी समाज ती बोलतो. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी हे या समाजाचे जुने धंदे. भिवंडी-कल्याणपासून पनवेल, उरण, पेण, अलिबागपर्यंत हा पट्टा जातो. किनाऱ्यावर आगरीला कोळी बोलीची सोबत आहे, तर कर्जतच्या डोंगराकडे ठाकर-कातकऱ्यांच्या बोली सुरू होतात. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठी खंडात (१९०५) आगरीची नोंद आहे.

उच्चार : प्रमाण मराठीतले ‘ण’ आणि ‘ळ’ आगरीत नाहीत. पाणी ‘पानी’ होतं, डोळा ‘डोला’ होतो आणि पनवेलजवळच्या कळंबोली गावाचं नाव ‘कलंबोली’. बोलीची खरी खूण मात्र ‘ड’ची. शब्दाच्या सुरुवातीला तो टिकतो (डोंगर, डोला), स्वरानंतर आला की त्याचा ‘र’ होतो : घोडा-घोरा, गाडी-गारी, पडला-परला, बांगडा-बांगरा. कोंबडीचीही ‘कोंबरी’ होते. त्यामुळे वाडा आणि वारा एकाच उच्चारावर येतात. पण त्यात राहायचं की तो अंगावर घ्यायचा, हे वाक्यच सांगतं, ऐकणारा अडत नाही. शब्दाच्या मध्ये महाप्राण सैल पडतो (माझा-माजा, आधी-आदी). ‘इ’, ‘ए’च्या आधीचा ‘व’ गळतो किंवा ‘य’ होतो : विस्तव-इस्तव, वेळ-येल. ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणतात, म्हणून वेळ नसलेला माणूस ‘मना येल नाय’ म्हणून निघून जातो. या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्यांनी हे बदल किती नेमाने होतात ते एकदा ऐकावं.

सद्यस्थिती : नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या नगरविकास महामंडळाने कळंबोलीत वसाहत उभारली, लोखंड-पोलाद बाजार आला, आणि त्यांच्याबरोबर घाटावरची मराठी व हिंदीही. आज वसाहतीच्या सेक्टरांत आगरी क्वचितच कानी पडते. मूळ गावठाणात आणि रोडपाली, खिडुकपाडा, आसूडगाव या शेजारगावांत ती घरची भाषा आहे. शाळेत ‘ण’, ‘ळ’ शिकलेली मुलं घरी सहज ‘न’, ‘ल’वर येतात. लग्नात धवलारीण गाते त्या धवल्यांतही हे जुने उच्चार ऐकू येतात, आणि हल्ली हळदीला डीजेवर वाजणाऱ्या आगरी गाण्यांतही.