बाजार चालू, खिडकी बंद

२४ ऑक्टोबर १९२९, गुरुवार. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्या दिवशी सुमारे १ कोटी २९ लाख शेअरांची उलाढाल झाली. भाव कागदी फितीवर छापून गावोगावी पोहोचवणारी टिकर यंत्रे या वेगाला पुरी पडेनात. बाजार दुपारी ३ वाजता बंद झाला, पण फीत संध्याकाळी ७ वाजून ८ मिनिटांपर्यंत छापली जात होती. दलालाच्या कचेरीत फितीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला दिसत होते ते काही तासांपूर्वीचे भाव. बाजार होता, पण त्याच्याकडे पाहण्याची खिडकी मागे पडली होती.

पुढे फीत जाऊन संगणक आला. मग यंत्रे कशाने बंद पडू लागली? ९ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेतील ट्रंबुल या गावी एका खारीने विजेच्या तारेशी खेळ केला आणि नॅसडॅक हा संगणकावर चालणारा बाजार ८२ मिनिटे थांबला. १ ऑगस्ट १९९४ रोजी दुसऱ्या खारीने तोच पराक्रम केला. या वेळी पर्यायी वीजयंत्रणा होती, पण ऐनवेळी तीच चालली नाही; ३४ मिनिटे गेली. वर्गात हसू पिकवणारी ही गोष्ट आहे खरी, पण पर्याय ‘असणे’ आणि पर्याय ‘चालणे’ यांतला फरक इतका स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आपल्याकडे १९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजाराने, म्हणजे एनएसईने, दलालांचे संगणक उपग्रहामार्फत जोडले. त्यामुळे लहान शहरांतल्या दलालालाही मुंबईइतकाच ताजा भाव दिसू लागला. मात्र ऑक्टोबर १९९७ मध्ये इन्सॅट-२डी हा अवघ्या चार महिन्यांचा उपग्रह वीजपुरवठ्यातील बिघाडाने निकामी झाला आणि एनएसईचे व्यवहार विस्कळीत झाले. खारीचा उपद्रव थेट अवकाशात पोहोचला म्हणायचा!

बिघाडाचे दुसरे कारण मात्र तार तुटण्याचे नाही, गर्दीचे आहे. एसटी स्थानकावरची एकच तिकीटखिडकी घ्या. प्रवासी अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असतो. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर तिथे सरासरी १ माणूस असतो. ती ९० टक्के वेळ गुंतली की ९ माणसे, आणि ९९ टक्के गुंतली की ९९! भार दुपटीनेही वाढला नाही, पण रांग शंभरपट झाली. डेन्मार्कच्या एर्लांग यांनी दूरध्वनी केंद्रांसाठी १९०९ पासून हे गणित मांडायला सुरुवात केली. शिवाय बाजारातला ग्राहक रांगेत शांत उभा राहत नाही; उत्तर आले नाही की तो पुन्हापुन्हा बटण दाबतो. २ मार्च २०२० रोजी डाऊ निर्देशांक सुमारे १,२९४ अंकांनी उसळला आणि नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेतील रॉबिनहूड या दलाल कंपनीची सेवा जवळजवळ दिवसभर बंद राहिली. एकाच वेळी उसळलेल्या मागण्यांखाली आपली पत्तेशोधक यंत्रणा कोसळली, असे कंपनीनेच सांगितले. ज्या दिवशी बाहेर पडण्याची निकड सर्वाधिक, त्याच दिवशी दार अडकण्याची शक्यताही सर्वाधिक असते. तो निव्वळ दुर्दैवी योगायोग नव्हे.

२४ फेब्रुवारी २०२१ चा प्रसंग तर गणिताच्या शिक्षकांनी जपून ठेवावा असा आहे. एनएसईकडे दोन कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या होत्या. प्रत्येक जोडणी बंद पडण्याची संभाव्यता शंभरात एक धरली, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची दहा हजारांत एक. पण हा गुणाकार घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. रस्त्यावरच्या खोदकामाने दोन्हींना धक्का बसला. ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. मुंबई शेअरबाजार चालू होता. साडेतीनपर्यंत एनएसई उघडेल याची खात्री नसल्याने कित्येक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे तिथे, मिळेल त्या भावाला मिटवले. मग ३ वाजून ४५ मिनिटांनी एनएसई उघडले आणि ५ पर्यंत चालले! नुकसान सोसलेल्यांचा संताप आम्हाला रास्त वाटतो.

रोज सौदे करणाऱ्याने काय तयारी ठेवावी, ते यातूनच दिसते. नुकसान रोखणारा स्टॉप-लॉस आदेश बाजाराच्या संगणकात नोंदलेला असेल, तर दलालाचे ॲप बंद पडले तरी तो सहसा काम करतो. अट दलालाच्याच संगणकावर असेल तर ती त्याच्याबरोबर झोपते. दुसऱ्या दलालाकडे खाते असल्यास अडकलेल्या सौद्याच्या उलट सौदा करून धोका गोठवता येतो. पण त्या खात्यात आधीपासून पैसे हवेत आणि इंटरनेटची जोडणीही वेगळी हवी, नाहीतर पुन्हा एकाच चरातल्या दोन तारा. आपले सौदे आणि दलालाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेला बरा. हे सारे दलाल बंद पडला तर. बाजारच बंद पडला तर यातले फारसे काही चालत नाही, तिथे सौद्याचा आकार लहान असणे एवढेच हाती उरते.

३ ऑक्टोबर २०२३ पासून सेबीच्या आदेशाने ‘इरा’ नावाची सामाईक खिडकी सुरू झाली आहे. दलालाची मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या, तर ग्राहक तिच्यातून उघडे सौदे मिटवू शकतो आणि प्रलंबित आदेश रद्द करू शकतो. नवा सौदा मात्र तिथे करता येत नाही.