नितळ पाण्यातला सोमल

‘पाणी तपासून घेतले आहे’ असे कोणी सांगितले, की आम्ही प्रयोगशाळेतली माणसे लगेच विचारतो, ‘कशासाठी?’ हा प्रश्न खवचट वाटेल. पण त्याच्यामागे बंगालचा इतिहास आहे.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात पूर्वी लोक तळ्यांचे पाणी पीत. पटकी व अतिसाराने मुले दगावत. म्हणून १९७० च्या दशकात बांगलादेशात युनिसेफच्या साहाय्याने गावोगाव कूपनलिका खोदून हातपंप बसवले गेले. जंतूंचा विचार करता निर्णय योग्यच होता. त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे मात्र पाहिले गेले नाही.

१९८३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतले काही रोगी तपासले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय जाड आणि खरखरीत. ही आर्सेनिकची विषबाधा होती आणि ते येत होते हातपंपातून. (आपला सोमल हे याच मूलद्रव्याचे संयुग.)

यात कारखान्यांचा दोष नव्हता. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो व त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. गाळातले सेंद्रिय पदार्थ कुजताना ऑक्सिजन संपतो. मग जीवाणू त्या ऑक्साइडचे क्षपण करतात. लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. उकळावे, तर पाणी आटते आणि आर्सेनिक तेवढेच राहते! शिवाय लक्षणे दिसायला बहुधा कित्येक वर्षे लागतात.

सीमेपलीकडे बांगलादेशात ते सापडायला १९९३ साल उजाडले. त्याआधी १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तिथल्या काही कूपनलिकांचे पाणी अनेक घटकांसाठी तपासले होते. त्यांत आर्सेनिक नव्हते. यावरून खटला झाला. संस्थेवर तशी कायदेशीर जबाबदारी नव्हती, असा निर्णय २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. कायद्याने तो बरोबर असेलही. आम्हाला मात्र त्या अहवालातला न तपासलेला घटक अजून खुपतो.

पुढे झालेल्या देशव्यापी पाहणीत उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १९९३ पासून १० आहे. मग लाखो हातपंप तपासून रंगवण्यात आले. विषारी ते लाल, निर्धोक ते हिरवे. कित्येक ठिकाणी लाल आणि हिरवा हातपंप एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर निघाले.