मोडी वाचणारे यंत्र आणि बीडचे निजामकालीन दप्तर

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. कुणबी नोंदींसाठी मराठवाड्याची जुनी दप्तरे उघडली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील दरबारी भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. गावच्या कुलकर्ण्याच्या लेखणीत मात्र मोडी.

मोडीत दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. २०१४ मध्ये युनिकोडने या लिपीला स्थान दिले, तेव्हा संगणकावर मोडी लिहिता येऊ लागली. जुने पान वाचणे ही निराळीच विद्या. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीने मोडी पानाच्या प्रतिमेवरून थेट देवनागरी मजकूर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली जाहीर केली. तिच्यासाठी २००० हून अधिक प्रतिमा, तज्ज्ञांच्या लिप्यंतरासह, जमवल्या गेल्या.

त्या प्रतिमांचे काळ तीन: शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन. बीडचा कागद यांपैकी कशात बसवायचा? येथे इंग्रजांचा थेट अंमल नव्हता, आणि उर्दू नोंदींची तर लिपीच वेगळी. अशी यंत्रे न पाहिलेल्या वळणापाशी अडत नाहीत. जवळचा वाटेल तो शब्द बेधडक लिहून मोकळी होतात. बखरीत अशा चुकीने फार तर एक तळटीप बिघडते. येथे त्या एका शब्दावर नातवाचे जात प्रमाणपत्र अवलंबून आहे.

शिवाय कालगणना फसली. नोंदीतला १३४० म्हणजे इसवी सन १९३०-३१. आकडा अचूक वाचला, तरी त्यात ५९० मिळवायचे हे यंत्राला कोणीतरी शिकवावेच लागते.